मावशी असताना लॉज?

पुण्यात सख्खी मावशी असताना सवाई गंधर्वला गेलेला माणूस लॉजवर उतरला, तर आमच्या सोलापुरात त्याचे दोनच अर्थ निघतात. एक, मावशीशी काहीतरी वाजलंय. दोन, लॉजवर उतरण्यामागे गाण्याखेरीज दुसरं काही कारण आहे. पहिल्या अर्थावर माझ्या आईचा विश्वास बसला आणि दुसऱ्यावर आमच्या सौभाग्यवतींचा. आमच्या शाखेत दोन्ही अर्थ एकदम मानणारी उदार माणसं आहेत. काउंटरवर गर्दी नसली की ती माझ्याकडे बघतात आणि एकमेकांना चहा पाजतात.

बँकेत कॅशमध्ये दहा रुपये कमी पडले तरी लेखी खुलासा मागवतात. इथे तर माझ्या चारित्र्यातच तूट निघाली आहे. तेव्हा हा लेखी खुलासा.

माझं म्हणणं एवढंच की, परगावी गाणं ऐकायला जाणाऱ्या पगारदार माणसाने नातेवाइकांकडे उतरणं ही निव्वळ चैन आहे. ज्याला परवडते त्याने ती जरूर करावी. मला परवडत नाही, म्हणून मी लॉजवर उतरतो.

हसू नका. मी बी.कॉम. आहे. हिशेब मांडून दाखवतो.

सोलापूरचा माणूस पुण्याला रिकाम्या हाताने गेला, तर स्टेशनवर तिकीट तपासनीससुद्धा त्याच्याकडे संशयाने बघेल. चादर ही हवीच. मावशीला एक आणि सूनबाईंना एक, म्हणजे नऊशे रुपये. वास्तविक मावशीकडे मी आणलेल्या सतरा चादरी आहेत. मी तिथे गेलो की त्यांतलीच एक मला पांघरायला मिळते, आणि आपण दिलेल्या अहेराखाली आपणच झोपण्याचा चमत्कारिक अनुभव येतो. त्यानंतर कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी, चारशे. दोन नातवंडांच्या हातावर निघताना पाचशे-पाचशे. (पूर्वी पन्नासची नोट चालायची. आता पन्नास दिले की मुलं ती उलटीसुलटी करून बघतात.) मावशी वारज्याला आणि गाणं मुकुंदनगरला. जाताना बस मिळते, पण रात्री दहानंतर रिक्षावाला मीटरकडे बघतच नाही, तोंडाने 'अडीचशे' म्हणतो. चार रात्रींचे हजार. आणि शेवटच्या दिवशी, इतके दिवस राहिलो म्हणून सगळ्या घराला बाहेर जेवण. सात पानं, दोन हजार सातशे. बेरीज करा. सहा हजार रुपये. याला आमच्याकडे 'फुकट राहायची सोय' म्हणतात.

आता लॉज. स्वारगेटच्या मागच्या अंगाला एका लॉजमध्ये मला नऊशे रुपयांत खोली मिळाली. त्यावर ५ टक्के जीएसटी. हा कर म्हणजे एक स्वतंत्र करमणूक आहे. हजार रुपयांच्या आतल्या खोल्यांना पूर्वी तो माफ होता. १८ जुलै २०२२पासून त्यांच्यावर १२ टक्के बसवला, म्हणजे साडेसात हजारांच्या खोलीत झोपणारा आणि भिंतीवर पालींची मिरवणूक बघत झोपणारा असे आम्ही दोघे करापुरते समान झालो. २२ सप्टेंबर २०२५पासून तो ५ टक्क्यांवर आला. समानता मात्र कायम ठेवली आहे. असो. नऊशे पंचेचाळीस गुणिले चार, तीन हजार सातशे ऐंशी. शिल्लक दोन हजार दोनशे वीस.

"जेवण धरलं नाहीत," असा आक्षेप आमच्या हेड कॅशियरसाहेबांनी घेतला. बरोबर आहे. दुपारपासून रात्री दहापर्यंत मांडवात असल्यावर तिथल्या स्टॉलवरचा वडा आणि चहा दोन्हीकडे सारखाच. उरलं सकाळचं खाणं आणि दुपारचं साधं ताट. चार दिवसांचे आठशे वजा करा. तरी एक हजार चारशे वीस रुपये माझ्या खिशात आहेत, आणि वर कोणाचे उपकार नाहीत.

उपकार म्हटलं की मावशीवर अन्याय होतो. ती वाईट असती तर प्रश्नच नव्हता. वाईट नातेवाइकांकडे उतरणं फार सोपं असतं, दुसऱ्या दिवशी निघता येतं. मावशी चांगली आहे हीच अडचण. मी येणार म्हणून दहावीतला नातू आपली खोली सोडून हॉलमध्ये पुस्तकं घेऊन बसतो. बोर्डात त्याला कमी मार्क पडले, तर त्यातले निम्मे माझ्या नावे पडतील. सकाळी गीझरसमोर घराची रांग असते, पण 'पाहुण्यांना आधी' म्हणून मला ढकलतात, आणि बाहेर टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या चौघांच्या नजरा दारातून पाठीला टोचत असताना मी आंघोळ करतो. मग काका. काकांना गाण्यात रस नाही, पण पाहुण्याशी त्याच्या आवडीच्या विषयावर बोलावं असा त्यांचा नियम आहे. "काय, काल कोण होतं?" सांगितलं की "हं. पण आता पूर्वीचं राहिलं नाही." पूर्वीही ते ऐकायला गेले नव्हते. आदल्या रात्रीचा एखादा मारवा डोक्यात अजून रेंगाळत असतो, त्याच्यावर काका पोह्यांबरोबर वांग्याचे भाव पसरतात. रात्री मी परत येईपर्यंत ते जागे राहतात. "मला तशीही झोप येत नाही," म्हणतात आणि खुर्चीत घोरत असतात. माझ्या चपलेच्या आवाजाने दचकून उठतात. त्या दचकण्याच्या धास्तीने मी तीन वर्षं शेवटचा कलाकार अर्धाच ऐकला. विलंबित संपून द्रुत सुरू झालं की माझ्या डोळ्यांसमोर गायक दिसायचाच नाही, खुर्चीतले काका दिसायचे.

एका वर्षीचं तर आठवलं की अजून गलबलतं. रविवार, शेवटचा दिवस. समारोपाला प्रभाताई अत्रे गाणार होत्या. पण सगळ्या घराला बाहेर न्यायचं तर रविवारच हवा, बाकीच्या दिवशी कोणी मोकळं नसतं. संध्याकाळी सातला मी मांडवातून उठलो. शेजारच्या गृहस्थांनी 'वेडा आहे का' अशा चेहऱ्याने पाय आवरून वाट दिली. नऊच्या सुमारास, तिकडे तंबोरे जुळत असतील तेव्हा, इकडे काका मांचुरियन की पनीर टिक्का यावर वेटरशी चर्चा करत होते. मावशी माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "आत्ता काय चाललं असेल रे तिकडे?" मी तिला सूप वाढलं. पुढच्या वर्षी ऐकू, असं मनाशी म्हटलं. आपण कारकून माणसं, राहिलेली नोंद दुसऱ्या दिवशी करायची सवय असते. १३ जानेवारी २०२४ला प्रभाताई गेल्या. ती नोंद राहिली ती राहिलीच.

मला लोक अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं उदाहरण देतात. "अण्णा सत्तर सालापासून जायचे, ते कधी लॉजवर उतरले?" नाही उतरले. पण ते नातेवाइकांकडेही उतरले नाहीत, हे कोणी ध्यानात घेत नाही. अण्णांची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. रेल्वे, महोत्सवाचं तिकीट, चहा, पानाची चंची असे रकाने आहेत. मुक्कामापुढे प्रत्येक वर्षी 'निरंक'. कारण तेव्हा गाणं रात्रभर चालायचं! सवाई गंधर्व गेले १९५२ साली, आणि दुसऱ्याच वर्षी भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. पुढे रमणबागेत तो तीन तीन रात्री रंगायचा. चादर अंगाभोवती गुंडाळून अण्णा सूर्य उगवेपर्यंत बसायचे, डुलकी लागली तर तिथेच, आणि जाग आली ती तोडीने. सकाळी मावशीकडे आंघोळ, चहा, दोन तास पाठ टेकणं, की परत रमणबाग. मांडव हाच लॉज होता. त्याला दार नव्हतं, की दारात काका नव्हते.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देता येते, ती एखाद्या दिवशी मिळते. नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही. आमच्या गल्लीत गणपतीचे दहा दिवस काढलेला माणूस या नियमाच्या तसबिरीला रोज हार घालील. पण डीजेबरोबर दरबारी कानडाही दहाला घरी पाठवला, याची खंत कोणी करायची? पुणेकराचं फार बिघडलं नाही, तो स्कूटर काढून घरी गेला. बिघडलं परगावच्या माणसाचं. त्याची रात्र काढून घेतली आणि बदल्यात त्याला रात्र काढायचा प्रश्न दिला.

याचा विचार आजवर कोणी केलाय? वारीचे दिवस आठवा. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. शाळा उघडतात, वाडे उघडतात, कोण कुठला वारकरी याची चौकशी न करता त्याच्यापुढे पान मांडलं जातं. ज्या शहराला हे इतकं सुरेख जमतं, त्याच शहरात डिसेंबरात आम्ही आलो की "पुण्यात कोणी नाही का तुमचं?" असं विचारतात. आम्हाला पान नको. पैसे घ्या. रात्री दहा ते सकाळी सात एखाद्या मंगल कार्यालयात एक गादी, एक उशी आणि पाणी येणारा नळ द्या. शे-दीडशे रुपये आनंदाने देऊ. वारकरी पायी चालत येतो आणि आम्ही रेल्वेने, हा फरक मला मान्य आहे. पण आरक्षणाच्या खिडकीवर आम्ही जे भोगतो ते एकादशीच्या तोलाचंच असतं.

आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं. तेव्हा कोण गाणार ते बहुधा जाहीर झालेलं नसतं. यादी येईपर्यंत गाडीची प्रतीक्षायादी लांबलेली असते. म्हणून माझा नियम असा की, नावं बघायची नाहीत, तिकीट काढून मोकळं व्हायचं. जाताना सकाळची हुतात्मा. परतताना रविवारी गाणं दहाला संपलं की स्टेशन गाठायचं आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास सिद्धेश्वर पकडायची. सोमवारी उजाडता सोलापूर, दहाला काउंटरवर. फक्त एक सांगतो, कारण आमचे हेड कॅशियरसाहेब तिथे फसले. रात्री दोन म्हणजे सोमवार. त्यांनी रविवारचं तिकीट काढलं. बर्थ क्रमांक पाठ करत ते फलाटावर उभे राहिले, आणि त्यांचा बर्थ चोवीस तासांपूर्वीच सोलापूरला निघून गेला होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेकवरच्या तारखा तपासलेला माणूस!

रजेचं म्हणाल तर बुधवार ते शुक्रवार तीन कॅज्युअल. दुसरा किंवा चौथा शनिवार त्यात आला तर बँकेला सुट्टीच, नाहीतर चार. "कारण?" म्हणून साहेब विचारतात. पहिल्या वर्षी मी खरं कारण लिहिलं : संगीत श्रवण. साहेबांनी अर्ज परत केला. तेव्हापासून 'मावशीची प्रकृती' लिहितो. मावशीकडे मी उतरत नसलो तरी ती माझ्या उपयोगी पडते, हे इथे नमूद करतो.

राहण्याच्या जागेबद्दलचे जुने सल्लेही आता बाद झालेत. "शनिवार-नारायण पेठेत बघा, रमणबाग दोन पावलांवर," असं सांगणारी माणसं अजून भेटतात. महोत्सव २०१८ सालापासून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. तेव्हा जागा स्वारगेटजवळच शोधावी. एसटीने आलात तर उतरलात तिथेच लॉज, रेल्वेने आलात तर स्टेशनवरून मेट्रो आहे, सिव्हिल कोर्टला बदलावी लागते. मांडवातून खोलीपर्यंत पायी यायचं. त्या पायी येण्यात जे आहे ते रिक्षात नाही. नुकतं ऐकलेलं डोक्यात चालू असतं आणि कोणी 'काल कोण होतं' असं विचारत नाही.

खोली काही फार सुखाची नव्हती. मॅनेजरने आधार कार्ड उलटसुलट बघून विचारलं, "एकटेच? काय काम?" म्हटलं, "गाणं." त्याने माझ्याकडे आपादमस्तक पाहून, "तुम्ही गाता?" असं इतक्या काळजीने विचारलं की मला त्याची दया आली. "ऐकतो," म्हटल्यावर त्याने सुटकेचा श्वास टाकून किल्ली दिली. गरम पाणी सहा ते आठ. खिडकी लागत नव्हती. आणि रात्रभर बाहेरून 'सोलापूर, सोलापूर, सोलापूर!' असे पुकारे येत होते. ज्या गावातून चार दिवस सुटका म्हणून पैसे मोजले, ते खिडकीखाली उभं राहून मला परत बोलावत होतं. तरीही त्या चार दिवसांत मी प्रत्येक कलाकार शेवटच्या तिहाईपर्यंत ऐकला. रविवारी, सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांचं जुनं ध्वनिमुद्रण लावतात. तेही उभं राहून ऐकलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

घोटाळा शनिवारी झाला. एका वर्तमानपत्रात श्रोत्यांचं छायाचित्र आलं. खाली 'तल्लीन रसिक' असं छापलं होतं, आणि पुढच्या रांगेतला डोळे मिटून आ वासलेला रसिक मी होतो. सकाळी नऊला फोन वाजला.

"कुठे उतरलायस?" मावशी.

खोटं बोलायला साहेबांसमोर जमतं, मावशीसमोर नाही. लॉजचं नाव सांगितलं. पलीकडे शांतता. मग फोन बंद. मी मनातल्या मनात आईला काय सांगायचं याची उजळणी करू लागलो. तासाभराने दार वाजलं. दारात मावशी, हातात डबा. आत आली, पलंगाच्या कडेला बसली, पंखा, बादली, न लागणारी खिडकी असं सगळं नजरेने मोजलं.

"किती घेतात?"

"नऊशे पंचेचाळीस."

"दोघांना?"

"खोलीला. दोघांत निम्मे." मला वाटलं, ती माझी उधळपट्टी मोजते आहे. म्हणून हिशेब सांगायला लागलो. चादरी सोडून बाकी सगळा सांगितला. ती ऐकतच नव्हती.

"अकरा वर्षं झाली मला जाऊन," ती म्हणाली. "दर डिसेंबरात कोणी ना कोणी येतं. तू येतोस, नागपूरचे येतात, ह्यांच्या आतेबहिणीचा मुलगा येतो. सगळे गाणं ऐकायला. पूर्वी बरं होतं. तुझे अण्णा यायचे तेव्हा रात्री सगळ्यांची जेवणं आटपली, ओटा पुसला, की मी जायची त्यांच्याबरोबर रमणबागेत. पहाटेपर्यंत बसायचो. आता नेमकं कुकर लावायच्या वेळेला गाणं."

मावशी गांधर्व महाविद्यालयाची मध्यमा पास आहे. मला ते माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. माझ्या सहा हजारांच्या खतावणीत तिचा रकानाच नव्हता.

डबा उघडला. थालीपीठ होतं. मी खात होतो आणि ती खिडकीपाशी उभी राहून गाड्यांकडे बघत होती. मग पदराने हात पुसत म्हणाली, "पुढच्या वर्षी माझंपण सीझन तिकीट काढ. भारतीय बैठकीचं. गुडघ्यांचं मी बघते. ह्यांना सांगेन, सोलापूरला बहिणीकडे चाललेय."

"आणि राहशील कुठे?"

"इथेच. शेजारची खोली बघ. दोन खाटांची असली तर नागपूरची नलू येईल."

दारापर्यंत जाऊन ती परत वळली.

"आणि हे बघ, चादर आण एक. मांडवात गार लागतं."

"घरी सतरा आहेत ना?"

"त्या घरच्या," मावशी म्हणाली. "ही माझी."